तांडेलाची खूण

भगवंतने होडीच्या काठावर मान टाकून पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं, तेव्हा दोघे खलाशी खो खो हसले. तिसाव्या वर्षी पहिल्यांदा खोल समुद्रात निघालेला कोळी त्यांनी तरी कुठे पाहिला होता! बाप बुडाल्यावर आईने त्याला समुद्रापासून लांब, मनोरला मामाकडे नेलं होतं, तिथेच तो सुकी मासळी विकत वाढला. पुढे तारापूरच्या होडीवाल्या दादू तांडेलाची मुलगी कमळी त्याला मिळाली. दादूला मुलगा नव्हता. जावई टिकला तर होडी त्याची, नाहीतर पुतण्याची, असं म्हाताऱ्याने निघतानाच बजावलं होतं. टिकला नाही तर पुन्हा ठेकेदाराची कुऱ्हाड आणि मुकादमाच्या शिव्या. पावसाळाभर त्याने तेच केलं होतं.

किनारा बोटभर उरला तेव्हा दादूने सुकाण एका खलाशाकडे दिलं आणि जावयाला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बोलावून घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

"मासळीची जागा बापानं मला सांगितली, मी आज तुला सांगतो. कमळीलाबी बोलू नको. किनाऱ्याच्या त्या टोकावर तीन ताड हायेत. मधला ताड मागच्या डोंगराच्या खाचीत आला, की जाळं टाकायचं."

मग कपाळावर हात धरून तो बघत राहिला. डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

"भगवंत, मला ताड दिसत नाय रं. तुला दिसतात?"

भगवंतने टोकाकडे पाहिलंच नाही. ते तिन्ही ताड त्यानेच पाडले होते, श्रावणात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, ठेकेदाराच्या नव्या रस्त्यासाठी. तिसरा तर पैज लावून, हौसेने. सासऱ्याला 'मामा, मीच तोडले' एवढंच म्हणायचं होतं. पण वाडवडिलांच्या खुणेवर कुऱ्हाड घालणाऱ्याला कोणता तांडेल होडीवर ठेवील?

"दिसतात की," तो म्हणाला. "तिन्ही."

दादूचा चेहरा उतरला. "मंग गेले माझे डोळे. तूच सांग, खाचीत कवा येतात."

भगवंतने अंदाजाने हात वर केला आणि जाळं पडलं. नशीब तरी किती मेलं हलकट! जाळं रिकामं आलं असतं तर म्हाताऱ्याला संशय आला असता. ते पापलेटांनी भरून आलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी म्हण आहे. इथे ते दोन कोणाचे काढून दिले, हे एकट्या भगवंतला ठाऊक होतं.

"उद्यापासून मी नाय येणार," दादू म्हणाला. "शीड-सुकाण हे दोघं बघतील. जागा तू सांग. आंधळ्यानं दुसऱ्यांची पोरं बुडवू नयेत." आणि चाळीस वर्षं समुद्र कापलेला तो माणूस सगळ्यांदेखत रडला.

घरी गेल्यावर सांगू, असं भगवंतने ठरवलं. मग जेवल्यावर सांगू, असं ठरवलं. जेवताना सासऱ्याने आपल्या पानातली पापलेटाची तुकडी उचलून त्याला वाढली, आणि सांगणं राहून गेलं. आज ना उद्या कोणीतरी म्हाताऱ्याच्या कानावर घालणारच होतं, त्याआधी आपणच बोलावं, एवढी अक्कल त्याला होती. हिंमत तेवढी नव्हती.

दुसऱ्या दिवशी होडी नुसतीच भटकली आणि दुपारी चार बोंबील घेऊन परतली. कमळी गुडघाभर पाण्यात हसत उभी होती.

"बाची गंमत ऐकली का? होडी टिकलीएवढी व्हती, तवाच बा म्हणाला, भगवंत आला, शिडाला नवं ठिगळ लावलंय. आनि लगेच मलाच इचारतो, खरंच हाय काय गं, का भास? डोळे तर चांगले हायेत की त्याचे!"

पलीकडे वाळूवर दादू गुडघ्यांत मान घालून बसला होता. आता भगवंत बोलला असता तरी चाललं असतं. त्याने टोपली बायकोच्या डोक्यावर चढवली.

"म्हाताऱ्या माणसाला भास व्हतात," तो म्हणाला. "तू त्याला हो म्हणत जाऊ नको."