रेसच्या सिनेमाला आम्ही दोघं

तो रेसचा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा मी चोवीसचा होतो आणि धाकटा एकोणीसचा. महिन्याभरात आम्ही तो नऊ वेळा पाहिला. आई म्हणायची, "थिएटरातच अंथरुणं टाका म्हणजे झालं." तसं त्यात फारसं काही घडत नाही. नायक मोजकं बोलतो, प्रेमाच्या भानगडीत पडत नाही आणि शेवटची शर्यत अर्ध्या गाडीच्या अंतरानं हरतो. हरल्यावर हेल्मेट काढून पोट धरून हसतो. ते हसणं मला कधी उमगलं नाही. धाकट्याला पहिल्याच खेळाला उमगलं. "दादा, पळवायची तेवढी पळवून आलाय तो. आता जिंकला काय नि हरला काय!"

बाबांना अर्धांगवायू झालेला, त्यामुळे गॅरेज आमच्या अंगावर. मी ब्रेकची कामं बघायचो, तो इंजिनं. दुरुस्त झालेली गाडी फिरवून आणायचा तोच, आणि नदीकडच्या वळणावर ती अशी घ्यायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एकदा शेजारी बसलेलं गिऱ्हाईक रेसिंग संघाचा मॅनेजर निघालं. पंधरा दिवसांनी त्याचा गॅरेजवर फोन आला. धाकटा सामान आणायला गेला होता.

"सोमवारी चाचणीला पाठवा त्याला," मॅनेजर म्हणाला. "हात चांगला आहे पोराचा."

गॅरेजच्या मागेच आमचं घर. उघड्या दारातून बाबांची खाट दिसत होती.

"त्याला जमायचं नाही," मी म्हणालो. "घरची अडचण आहे."

धाकटा परत आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "वॉशर मिळाले का?"

पुढे बाबा गेले. तो शाळेची बस चालवू लागला. बत्तीस वर्षांत त्या बसला साधा ओरखडाही नाही. पण सिनेमा टीव्हीवर लागला की ताट तसंच ठेवून उठायचा. त्याच्या मुलीलाही त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ.

गेल्या महिन्यात तोच सिनेमा साफसूफ होऊन पुन्हा मोठ्या पडद्यावर आला. धाकट्यानंच तिकिटं काढली. मला वाटलं होतं, आमच्यासारखी चार टकली असतील. पण रविवारच्या दुपारी थिएटर तरण्या पोरापोरींनी जवळजवळ भरलेलं. इंजिनं सुरू झाली तशा खुर्च्या थरथरू लागल्या आणि एकाही पोरानं मोबाइल काढला नाही. धाकट्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. वळण आलं की सैल व्हायचा. मी पडद्यापेक्षा त्या पायाकडेच बघत होतो.

मध्यंतरात राहवलं नाही. चहाच्या रांगेत सगळं सांगून टाकलं.

त्यानं दोन्ही चहांचे पैसे दिले. मग म्हणाला, "बाबांसाठी केलंस?"

"तेव्हा मनाला तसंच समजावलं. खरं तर तू गेलास की मी एकटा पडणार होतो. आणि तुझा हेवाही वाटायचा."

"मी कदाचित गेलोही नसतो, दादा. बाबांना तसं टाकून पाय निघाला नसता. पण नाही म्हणायचं तर मी म्हटलं असतं ना? माझं 'नाही' तू का म्हणालास?"

बेल वाजली. उरलेला सिनेमा त्यानं मागच्या एका रिकाम्या खुर्चीत बसून पाहिला. नायक हसला तेव्हा पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यात त्याची टाळी कुठली, हे काही मला ओळखता आलं नाही.

परवा बसचे ब्रेक तपासून घ्यायला गॅरेजवर आला. स्टुलावर बसला, चहा घेतला, माझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. निघताना मीच विषय काढला, "सिनेमा अजून चालू आहे म्हणे."

"हो. दोनदा जाऊन आलो."

"मला बोलला नाहीस."

"नाही," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.