शाळेचं आवतण

महादेवी सोलापुरात सातवी पास होऊन माकणीत सून म्हणून आली. हुशारी तिच्या डोक्यात होती, तशी थोडी नाकाच्या शेंड्यावरही होती. निजामाच्या राज्यात खेड्यातल्या पोरींना कुठली आली शाळा! पण पठ्ठीनं तालुक्याला अर्जावर अर्ज धाडून मुलींच्या वर्गाची मंजुरी आणली. अट एकच होती. सोमवारी तालुक्याचे शाळा तपासणारे साहेब येतील तेव्हा वीस जणी बसलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर वर्ग दुसऱ्या गावाला जाणार.

तिनं सरळ गावात दवंडी पिटवली. शनिवारी मठाच्या ओसरीवर चटया अंथरून ती वाट बघत बसली, ती दुपारपर्यंत एकटीच.

घरी येऊन तिनं सगळ्या गावाला अडाणी ठरवून टाकलं. सासूबाई रुद्रम्मा ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दवंडी कशाची पिटत्यात, म्हाईत हाय का?" त्या म्हणाल्या. "लेव्हीच्या धान्यवसुलीची, न्हायतर जप्तीची. हलगी वाजली की मान्सं धान्य लपवत्यात. आन् तू म्हनतीस, पोरी भायेर काढा."

महादेवी त्यांच्याशेजारी ज्वारी निवडायला बसली. लग्नाचं, बारशाचं आवतण कसं देतात हे तिला का ठाऊक नव्हतं? शाळेलाही ते लागेल, हे मात्र या शहाणीला सुचलं नव्हतं.

रविवारी रुद्रम्मांनी तिच्या हातात कुंकवाच्या लाल अक्षतांचं ताट दिलं. दारातून सांगून फिरायचं नाही, बसायचं, देतील ते घ्यायचं, आधी घरच्या थोरलीला कुंकू लावायचं आणि मग पोरीला, असं बजावलं. पहिल्या घरी महादेवी लाजली. पाचव्या घरी म्हशीच्या दुधाची चौकशी करता करता तिसरा पेला ताक प्याली. कुणी तिला पाट दिला, कुणी ओटी भरली. ज्यांना तिनं अडाणी म्हटलं होतं, त्या बायका आल्या माणसाला किती मान देत होत्या! तिला स्वतःचीच लाज वाटली. पाटलीणबाई द्वारकाबाईंनी गूळपाणी दिलं, आपल्या आणि नातीच्या कपाळी कुंकू लावून घेतलं, पण हो की नाही ते काही बोलल्या नाहीत.

सोमवारी ओसरी भरली. तेल लावून चापून विंचरलेल्या पोरी, ठेवणीतले परकर, आणि लग्नाला निघाल्यासारख्या सोबत आलेल्या आया. साहेबांनी मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं, तरी एकोणीसच. त्यांनी कागद मिटला.

नातीला घेऊन आलेल्या द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि चटईच्या टोकाला मांडी घातली.

"आजी, वर्ग मुलींचा आहे," साहेब म्हणाले.

"नातीच्या आदी मला आवतण हाय, साहेब. कुकू लावून, अक्षत दिऊन बोलावल्यालीला पंगतीतनं उठवत न्हाईत. ल्हिवा माजं नाव."

साहेब आधी गोंधळले, मग हसू दाबत त्यांनी कागद पुन्हा उघडला. विसावं नाव पडलं: द्वारकाबाई, वय साठ.

महादेवीचे डोळे आनंदानं भरून आले. तिनं पहिली पाटी घेतली, वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी ती आपल्या सगळ्यांत थोरल्या विद्यार्थिनीपुढं धरली.