बंदूक नसलेला शिपाई

"बंदूक वगरनो सिपाही?" दुकानदाराने पाकीट हातातच धरून ठेवलं. "माशी, ए तो वॉचमन थई जाय!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. सरलाबाईही हसली. चारचौघं आपल्यावर हसली की आपणही त्यात सामील व्हावं, हे ती सुरतेतल्या तीस वर्षांत शिकली होती. मग तिने पुन्हा विचारलं, "एखादा तरी नाही का भाऊ? नुसता उभा असलेला?"

"खाली उभा रहेवा लश्करमां कोण जाय, माशी?"

पर्वत पाटियाचं हे तिचं तिसरं दुकान. उधन्यात दोन झाली होती. पहिल्यातले शिपाई हिरवे, करंगळीच्या पेरापेक्षा थोडे मोठे, पिशवीत वाटाण्यासारखे भरलेले. ते तिने हातातसुद्धा घेतले नाहीत. दुसऱ्यातला शिपाई वीतभर, सेलवर चालणारा. काउंटरवर सोडला तशी पोटावर सरपटत तिच्याकडे आला आणि ठोठो करू लागला. ती दोन पावलं मागे सरली. मोठं माणूस मागे सरतं, तिथे अडीच वर्षांच्या पोराचं काय?

फोनवर जे बोलणं झालं, ते एवढंच:

— नानू, आजीला सांग, काय हवं तुला?

— शिपाई!

— काय म्हणतोस रे, राजा?

— माय, (हा मुलगा, योगराज) शिपाई म्हणतोय तो. प्लेग्रुपमध्ये सव्वीस जानेवारीला परेड पाहिली, तेव्हापासून घरभर लेफ्ट-राइट चाललंय.

— आणस मी. तुले शिपाई आणस.

— माय, नीट बोल ना. त्याला नाही कळत तसं.

— आणते हं. आजी शिपाई आणते.

— पण आई, (हा आवाज सुनेचा, नूतनचा) बारीक नका आणू. अजून सगळं तोंडात घालतो. त्याच्या मुठीत पुरतं मावेल असं काहीच नको. आणि बंदुका नकोत प्लीज. हल्ली सगळ्यांना ठो करतो.

सरलाबाईने फोन ठेवला. नातवाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

याआधी तिने न मागता पाठवलं होतं. चौकोन जोडून शिवलेली गोधडी. लोकरीची टोपी. डिंकाचे लाडू. योगराज पुण्याला चाकणच्या कंपनीत लागला, तिथेच घर केलं, आणि आई सुरतेतच, बमरोलीच्या एका खोलीत राहिली. भांडण नव्हतं काही. "ये ना इकडे," तो म्हणायचा, आणि त्यांच्या दीड खोलीत कुठे झोपायचं हे दोघांपैकी कुणीच बोलायचं नाही. पाठवलेल्या वस्तूंबद्दल विचारलं की नूतन गोड आवाजात सांगायची, "वर ठेवलंय, आई. जपून." एकदा बोलता बोलता फोन फिरला आणि सरलाबाईला ते 'वर' दिसलं. कपाटाच्या माथ्यावर सुटकेस, सुटकेसवर कुकरचा खोका, आणि खोक्याखालून डोकावणारा गोधडीचा कोपरा.

हे शिपाई वर जायला नको होते. तिचं मागणं एवढंच.

अडचण बंदुकीची नव्हती. म्हणजे होती, पण आधीची अडचण मुठीची. अडीच वर्षांच्या नानूची मूठ केवढी असते? शेवटचा त्याला मांडीवर घेतला तेव्हा तो सहा महिन्यांचा होता, तेव्हा ती मूठ सुपारीएवढी. नंतर फक्त फोनमध्ये. फोनमध्ये तो हात पुढे करायचा तेव्हा पंजा तोंडापेक्षा मोठा दिसायचा, आणि मागे घेतला की पार दिसेनासा व्हायचा.

फोनवरून मूठ थोडीच मोजता येते! तिने वेगळं केलं. शेजारच्या मंदाच्या नातीला, ताराला, ओट्यावर बसवलं. पोर बरोबर अडीच वर्षांची.

"मूठ कर वं माय. घट्ट."

ताराने मूठ केली. सरलाबाईने तिच्याभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि हलकेच सोडवून घेतला.

"हाई काय करस तू?" मंदाने दारातून विचारलं. "पोरले बांगड्या लेस का काय?"

"नातूनी मूठ मोजी ऱ्हायनू."

"माय वं! मूठ मनी नातनी, नि नातू तुना?"

तो दोऱ्याचा वेढा कमरेच्या पिशवीत ठेवून सरलाबाई तीन दुकानं हिंडली. हातात घेतलेला प्रत्येक शिपाई त्यातून घालून पाहिला. जो आरपार गेला, तो नापास. दुकानदारांना वाटलं, बाई अंगारा-धागा बांधणारी असावी.

शेवटी पर्वत पाटियालाच एक पाकीट सापडलं. बारा शिपाई. वेढ्यात कमरेपर्यंत जात आणि मग अडकत. मऊ प्लास्टिक, खाकी रंग, गाल गुलाबी. आणि तिला दिसली ती प्रत्येकाच्या हातात बंदूक, टोकदार, बोटभर पुढे आलेली.

"लेवानुं छे के नहीं, माशी?"

तिने घेतलं. घेतानाच तिच्या डोक्यात पुढचं ठरलं होतं.

सरलाबाईचं काम धागे कापायचं. मशीनवर भरतकाम झालेल्या साड्या गाठोड्याने घरी येतात. उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत असतात. ते छोट्या कटरने कापायचे, फुलाला धक्का न लावता. दिवसभर तेच. डोळे बघतात आणि हात त्याआधीच कापून मोकळा होतो. साडीवर काय लोंबतंय एवढंच हाताला कळतं. कशाला लोंबतंय ते विचारायचं काम हाताचं नाही.

दुपारी तिने गॅस पेटवला, कटरचं पातं तापवलं आणि पहिल्या शिपायाची बंदूक कापली. लोण्यासारखी निघाली. राहिलेला खुंट गरम चमच्याच्या पाठीने दाबून गोल केला, गार झाल्यावर स्वतःच्या गालावर घासून पाहिला. बोचत नव्हता. दुसरा. तिसरा. चौथ्यापासून हात बसला.

बारावा खाली ठेवला आणि मग तिने सगळ्यांकडे एकदम पाहिलं.

त्यातला एक शिपाई नव्हताच. ढोलवाला होता. त्याच्या दोन्ही काठ्या तिने कापल्या होत्या. आणखी एकाच्या हातात झेंडा होता. आता त्याची रिकामी मूठ वर राहिली होती. बिगूलवाल्याचा बिगूल गेला होता, आणि तोंडाशी हात धरून तो कुणाला तरी लांबून हाक मारत असल्यासारखा दिसत होता.

मंदा डोकावली. "बंदुका कापी टाक्यात? आते हाई शिपाई थोडाच ऱ्हायनात!"

"सूननी सांगं होतं."

"ढोल वाजाडू नको अशे बी सांगं होतं का?"

सरलाबाई हसली नाही. कापलेल्या खाकी तुकड्यांच्या ढिगात तिने काठ्या शोधल्या. दोन सापडल्या, पण त्या काठ्या की बंदुकीची टोकं, हे तिलाच सांगता येईना. दुसरं पाकीट आणायला ती परत पर्वत पाटियाला गेली. तिने आधी नेलेलं तेच शेवटचं होतं. मग कुरियरच्या दुकानात खोका देताना तिने विचारलं, "आत काय आहे ते लिहावं लागतं?"

"लिहो. खिलोना?"

"हो. खिलोना," ती म्हणाली, आणि आपण खोटं तर बोलत नाही ना, असं तिला वाटलं.

पाचव्या दिवशी फोन वाजला. नूतनचा चेहरा.

"मिळाले हं, आई. कडा अगदी गोल केल्यात. मला सुचलं नसतं असं."

सरलाबाई वाट पाहत राहिली. आता 'वर' हा शब्द येईल.

"पण तो एक विचारतोय सारखा. थांबा, त्यालाच देते."

चित्र हललं, छत दिसलं, नूतनने फोन भिंतीला टेकवला, मग एक मोठं नाक.

"आजी, यांचं हरवलं?"

"काय रे राजा?"

"हातातलं."

काय सांगावं? तुझ्या आईने सांगितलं होतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. कापलं म्हणावं, तर पोर रडेल. त्याच्या मागे शिपाई सगळे जमिनीवर ओळीने उभे होते, बहुतेकांचे दोन्ही हात पुढे. सरलाबाईने आपल्या मांडीवरच्या साडीकडे पाहिलं.

"हरवलं नाही. घडी घालायला उभे आहेत ते. साडी लांब असते ना? एकट्याला धरता येत नाही. एक टोक याने धरायचं, एक त्याने."

नानू विचारात पडला. हे सगळं ती नीट, पुण्याच्या भाषेत बोलली होती, तरी त्याला कळलं की नाही, समजेना. तो उठून कुठेतरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बापाचा रुमाल होता. त्याने एक टोक एका शिपायाच्या हातांवर ठेवलं, दुसरं समोरच्याच्या. रुमाल पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा राहिला.

"धरलं!" तो ओरडला.

"धरलं हो, धरलं!"

"नानू, आंघोळ!" आतून नूतनची हाक आली, आणि तो पळाला. फोन तसाच भिंतीला टेकलेला राहिला. कुणी बंद केला नाही.

सरलाबाईच्या फोनमध्ये आता फक्त फरशी होती. फरशीवर दोन शिपाई, मध्ये रुमाल, आणि कडेला बाकीचे दहा. लांबून बादलीत नळ सोडल्याचा आवाज. नानू कशाला तरी नको-नको म्हणत होता. भांडं पडलं. नूतन हसली.

सरलाबाईने आपला फोन गाठोड्याला टेकवून उभा केला. कटर उचललं आणि साडी पुढे ओढली. फुलामागून फूल सरकत होतं. भरतकामाचा एक बारीक तंतू उडून घशात गेला आणि खोकल्याची उबळ आली. तिने पदराचा बोळा करून तोंडावर दाबला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून धरला, आणि तिकडच्या घरात आवाज जाऊ दिला नाही.