पाहुणीची वाफ

"परत आली मेली! आता हिला आणखी किती रंग पाजायचा?"

स्टुलावर चढून, माझ्यापासून वीतभर अंतरावरून आई पुटपुटली. तेही दबक्या आवाजात, कारण पलीकडच्या खोलीत आत्या होती.

मित्रांनो, मी एक जुने छत आहे, आणि तेही बाथरूमचे. बाहेरच्या खोलीतल्या छताला लोक झुंबर टांगतात. माझ्या वाट्याला वाफ. रंगाऱ्याने माझ्यावर घाईघाईने पांढरा हात फिरवला आणि म्हणाला, "इथे कोण वर बघतंय!" त्याचे फारसे चुकले नाही.

तरी माझी वर्षे सुखात गेली. या घराचा दंडकच होता: अंघोळ झाली की खिडकी उघडायची, भिंतींवरून फडके फिरवायचे, ओला टॉवेल बाहेर वाळत टाकायचा. कोणी विसरले की आई दारातूनच ओरडायची, "ओ राजे, खिडकी कोण उघडणार? तुमचे प्रधानजी?" म्हणून मी कोरडे ठणठणीत राहिले. एकदा एका पाहुण्याने चक्क विचारले होते, "नवीन रंग दिलात का?" त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले.

मग बाबांची ताई, म्हणजे आत्या, सासरहून राहायला आली. "चार दिवस राहीन," म्हणाली. पण येताना शिवणयंत्र घेऊन आली. त्याची घरघर मला भिंतीतून ऐकू येई. चार दिवसांसाठी कोणी शिवणयंत्र आणत नाही, हे माझ्यासारख्या छतालाही कळते. घरात मात्र कोणी काही विचारले नाही.

आत्या खिडकी घट्ट लावायची, गरम पाण्याचा नळ सोडायची आणि बराच वेळ रडायची. नळाच्या आवाजात रडणे बुडून जाते, असे तिला वाटे. वाफ माझ्यापाशी येऊन थांबे आणि थेंब होऊन तिच्याच डोक्यावर पडे. हळूहळू माझ्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटले, मग ठिपक्यांचे गाव वसले. त्याचे कारण सगळ्यांना माहीत होते. पण पाहुणीला खिडकी उघडायला कोण सांगणार?

बाबांनी तर कमालच केली. बुरशी न पुसता, माझी ओल न वाळवता, वरून रंग फासला! थोड्याच दिवसांत रंगाला पोपडे आले आणि त्यांतून बुरशी डोकावली. मित्रांनो, झाकून ठेवलेली ओल कधी सुकत नाही.

म्हणून आज आई नाकातोंडाला फडके बांधून स्टुलावर चढली होती. तिने खिडकी सताड उघडली. साबणाच्या पाण्याने मला हलकेच पुसले. कोरडेच खरवडले असते, तर बुरशीची धूळ घरभर उडाली असती. मग व्हिनेगर लावले.

"आता नीट वाळू दे. रंगाचं नंतर बघू," तिने बादली धरून उभ्या असलेल्या बाबांना बजावले.

तेवढ्यात आत्या दारात आली. माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्यामुळेच झालं ना हे? जाईन मी एक-दोन दिवसांत."

"छे गं ताई, हवाच दमट आहे यंदा," बाबा बादलीत बघत म्हणाले.

आई स्टुलावरून उतरली. तोंडावरचे फडके सोडले.

"हवेला कशाला नावं ठेवता? वन्सं, तुम्ही पाहुण्या नाही आहात. तुम्हाला परत जायचं नाहीये, आणि आम्हीही पाठवणार नाही. रडायचं असेल तर बाहेर येऊन आमच्याजवळ रडा. आणि अंघोळ झाली की खिडकी उघडा."