चार भोकांच्या रांगेतली जागा

ताई शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि धाकटी घरी शिलाई मशीन चालवायची. धाकटीला ताई लहानपणापासून टाचणी म्हणे. कारण ती बारीक होती, सारखी हरवायची, आणि सापडायची ती कुणाच्या तरी पायात घुसूनच. ताईचे यजमान गेले, टाचणीने तर लग्नाच्या भानगडीत पाऊलच ठेवलं नव्हतं, तेव्हा साठी उलटल्यावर दोघी पुन्हा एका छपराखाली आल्या.

टाचणीकडे सुट्या बटणांचा पत्र्याचा डबा होता. ताईने तो एके दिवशी जेवणाच्या टेबलावर उपडा केला.

"हा काय उकिरडा साठवलायस?" म्हणाली, आणि मूलद्रव्यं मांडतात तशी बटणं मांडायला बसली. हलक्यापासून जडाकडे जायचं. जाता जाता आधीचाच स्वभाव पुन्हा आला, की ओळ तिथे मोडायची आणि त्याला त्याच्या भावंडाखाली बसवायचं. म्हणजे आडवं वाचलं की वजन चढत जातं, आणि उभं वाचलं की एकेक घराणं दिसतं.

"ही मागे एकच कडी असलेली बटणं म्हणजे लिथियम, सोडियम, पोटॅशियम. एकच हात, तोही द्यायला उतावीळ. पाणी दिसलं की भडकतात, आणि खाली जावं तसा भडका मोठा."

"आत्यांकडची मंडळी," टाचणी म्हणाली.

"आणि ही टोकाची, भोकंच नसलेली, चिकटवायची. हेलियम, निऑन, अरगॉन. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत."

"ही मी."

"तू कसली? गल्लीत भांडायला माणूस उरलं नाही तुला. तू चार भोकांची. कार्बनच्या रांगेतली. चार हात, आणि चारही गुंतलेले."

त्या उभ्या रांगेत, सिलिकॉनच्या खाली, ताई एक जागा मोकळी सोडायची. पूर्वी आवर्तसारणी मांडली गेली तेव्हा तिथलं मूलद्रव्य कुणी पाहिलेलंच नव्हतं. पण मांडणाऱ्याने शेजाऱ्यांना दामटून ती जागा भरली नाही. उलट वरच्या-खालच्यांवरून सांगितलं, की इथे येणारा अमुक रंगाचा, तमुक वजनाचा असेल. पुढे तो सापडला, आणि निघालाही तसाच. वर्गात हे सांगताना ताईचा आवाज दरवर्षी दाटायचा. पोरं हसायची.

मग ताईला विसरण्याचा आजार जडला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते ती घरी येईपर्यंत विसरली, आणि त्यावर स्वतःच हसली. त्याच संध्याकाळी वेगळ्या राहणाऱ्या मुलाला आणि बहिणीला समोर बसवून म्हणाली, "नावं विसरेन, ते चालवून घ्या. पण ज्या दिवशी मी ती जागा न सोडता बटणं दामटून बसवीन, त्या दिवशी मला वृद्धाश्रमात पोचवा. आपल्याला माहीत नाही, एवढंही ज्याला कळत नाही, त्याला घरात ठेवू नये."

"तसं करायचं तर निम्मी घरं ओस पडतील," टाचणी म्हणाली. पण शब्द दिला.

आणि शरदात ताईने एका कोटाचं काळं बटण त्या जागेत अंगठ्याने दाबून बसवलं. "झालं," म्हणाली, "सगळे आले." चेहरा इतका समाधानी, की टाचणीला बघवेना. भाचा जिना चढत होता. तिने ते बटण उचललं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. भाच्याने टेबलाकडे पाहिलं, जागा मोकळी होती; चहा पिऊन गेला. पुढेही ताईने तिथे जे बटण दाबलं, ते ती भाचा यायच्या आत उचलत राहिली. शिवणकामात आयुष्य गेलेलं. उसवलेलं झाकता येतं, हे तिला पाठ होतं.

पण एका रविवारी भाचा लवकर आला आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसलाच.

"मावशी, वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय. या आठवड्यात हो-नाही सांगायचंय. आज मला आईला मांडताना बघू दे."

"बघ की. नाटक लागलंय का?" टाचणी म्हणाली, आणि हात खिशात घालून उभी राहिली.

ताईने डबा उपडा केला. एका कडीची डावीकडे गेली, भोकं नसलेली उजव्या टोकाला. मधल्या ओळी वाकड्यातिकड्या झाल्या, एक शिंपल्याचं बटण भलत्याच घराण्यात जाऊन बसलं. मग कार्बन. सिलिकॉन. ताईचा हात हवेत थांबला. ताईने खालची जागा बोटाने साफ केली, जणू तिथे धूळ असावी, आणि पुढचं बटण तिच्याही खाली ठेवलं.

भाच्याने मावशीकडे पाहिलं.

"आई, इथे काय यायचंय?" त्याने विचारलं.

"तुझी मावशी रे." ताई सहज म्हणाली. "कुठे गेलीय कोण जाणे. बरेच दिवस दिसत नाही. पण यांच्यावरून कळतं ना कशी असेल ते." तिने वरच्या बटणावर बोट ठेवलं, मग खालच्या. "बारीक. तोंडाची तिखट. धरलं की सुटणार नाही." मग मान वर करून टाचणीला म्हणाली, "बाई, जरा सरकता का? उजेड अडतोय."

टाचणी सरकली.

भाच्याने खुर्ची मागे सरकवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "खोली नको म्हणून कळवतो. तिने जागा सोडलीय." आणि थोड्या वेळाने, "मावशी, तुला झेपेल?"

"मला काय झालंय?" टाचणी म्हणाली. "मी तर अजून सापडायचीय."

तो गेल्यावर जेवणाची वेळ झाली. टाचणी नेहमीसारखी बटणं डब्यात भरायला वाकली, तशी ताईने तिच्या मनगटावर चापट मारली.

"राहू द्या हो ते. ती आली की बसेल."

"कधी येणार आहे?"

"ते नाही सांगता येत. तुम्ही शिवता ना? मग तुमच्याकडे आली, तर पाठवा तिला."

"पाठवते," टाचणी म्हणाली.

टेबल तसंच मांडलेलं राहिलं. दोघी भिंतीला टेकून बसल्या आणि ताटल्या मांडीवर घेऊन जेवल्या. टाचणीच्या खिशातलं काळं बटण मांडीला टोचत होतं. ते बाहेर काढायला तिला हात मोकळा नव्हता. एका हाताने ताटली धरली होती, दुसऱ्याने ती ताईला भरवत होती; ताईला घास एकटीने धरवत नव्हता.