आईच्या मापाची सीट

वडिलांची मोटारसायकल त्यांच्या माघारी परसातल्या पत्र्याच्या छपराखाली उभी होती. इंजिन अजून शाबूत होते. किक मारली की दोन उचक्या देऊन ते आपल्या जुन्या ठेक्यात धडधडू लागे आणि स्वयंपाकघरात आईचा हात क्षणभर थांबे. बाकीच्या देहाची मात्र गंजाने दशा करून टाकली होती. मागच्या मडगार्डची चाळणी झाली होती, लांब सीटचा फोम उंदरांनी आपल्या संसाराला नेला होता, आणि नवे सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. मिळाले असते तरी ते खिशाला पेलणारे नव्हते.

मुलगा इमारतींचे नकाशे काढी. त्याच्या खिशात सदैव पोलादी पट्टी असे, म्हणून गल्ली त्याला पट्टी याच नावाने ओळखत होती. त्याने रीतसर विचार करून उपाय शोधला होता: जे सडले ते विकत आणायचे नाही, छाटून टाकायचे. सांगाड्याचा मागचा भाग कापायचा, मडगार्ड आखूड करायचा, आणि सीट खाली आणून एकट्यापुरतीच ठेवायची. अशा बुटक्या, शेपूट छाटलेल्या गाडीला बॉबर म्हणतात. आणि रिकाम्या खिशाने हौस करायची तर ती अशीच करावी, कारण तिच्यात बेरजेपेक्षा वजाबाकी अधिक. युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच की त्या वजाबाकीत आईची जागा जात होती.

वडील वजनकाटे दुरुस्त करीत. गाडीच्या दोन्ही अंगांना चामड्याच्या पिशव्या आणि त्यांत पितळी वजने, असा त्यांचा फिरता कारखाना होता. सुटीच्या दिवशी पिशव्या रिकाम्या होत आणि तिघे भटकायला निघत. वडिलांच्या पुढ्यात टाकीवर तो, मागे आई. वळण आले की वडील मान न वळवता ओरडत, "आहात ना सगळे?" आणि मागून आई उत्तर देई, "मी उतरले मघाशीच!" दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी तिघेही तो नव्याने ऐकल्यासारखे हसत. सीटमागे धरायचा जो दांडा होता, त्याचा मुलामा एकाच बाजूला उडाला होता. इतक्या वर्षांत आईच्या तळहाताने तो झिजवला होता.

कापायचा होता तो नेमका हाच भाग.

"एकदा कापलं की कापलं, पट्टी," सांगाड्यावर खडूने रेघ ओढीत वेल्डरकाका म्हणाले. ते वडिलांचे जिवलग मित्र. "आईला विचारलंस?"

"विचारतो."

"मागच्या आठवड्यातही विचारतच होतास. कागदावर भिंतीच्या भिंती पाडतोस, आणि आईसमोर दातखीळ बसते होय रे?"

त्याच संध्याकाळी त्याने नकाशा आईच्या शिवणयंत्रावर पसरला. आईचा सारा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला होता. रेघा तिला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. तिने दाताने दोरा तोडला आणि कागदावर बोट ठेवले.

"म्हणजे मागे कुणीच बसायचं नाही?"

"नाही." त्याने नकाशाची कड सरळ केली. "तुला नको असेल तर राहू दे, आई. आहे तशी झाकून ठेवू."

"झाकून ठेवायला ती काय उरलेलं जेवण आहे? सीट किती खाली येईल?"

"वीतभर. थोडी जास्तच."

तिने यंत्राच्या कडेवर वीत टेकवून पाहिली. "काप मग. सीट मी शिवते. यांच्या पिशव्यांचं चामडं माळ्यावर पडलंय, त्याचं सोनं होईल."

त्याने तिची समजूत घालण्यासाठी केवढी तरी तयारी केली होती. ती सगळी वाया गेली. सुटल्यासारखे वाटले, आणि आत कुठेतरी लागलेही. एवढी वर्षे जपलेली जागा आईने इतक्या सहज सोडावी?

ठिणग्या उडाल्या, मागचा सांगाडा जमिनीवर पडला. दांडा त्याने भंगारात जाऊ दिला नाही. वाकवून आखूड मडगार्डला आधार म्हणून बसवला. सीटखाली जुन्या सायकलच्या स्प्रिंगा आल्या, आणि खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला काळा रंग टाकीला पुरला. हँडल जुनेच, काकांनी तापवून वाकवलेले.

"हँडल फार मागे आलंय, काका."

"तुला तसं वाटतंय."

"मला नाही, पट्टीला वाटतंय."

"मग तुझ्या पट्टीला चष्मा लाव!"

शेवटी सीट आली. दुहेरी टाक्याची, घट्ट, देखणी. वजनांच्या तळांनी चामड्यावर उमटवलेले गोल वळ अजून दिसत होते. मुलगा ऐटीत बसला आणि अवघडला. मांड्या दोन्हीकडून ओसंडल्या, गुडघे हँडलला भिडले. तो उतरला, पट्टी लावली, पुन्हा लावली.

"आई, माप चुकलं. मी कागद दिला होता ना?"

"दिला होतास. रेघा फार सुरेख होत्या."

"मग?"

"जन्मभर लोकांची मापं घेतली, एकदा तरी चुकले का मी? हे माप माझं आहे."

त्याने काकांकडे पाहिले. काका आधीच स्वच्छ असलेली पक्कड मन लावून पुसत होते. "माझ्याकडे बघू नकोस. तिने पुठ्ठा कापून दिला, मी तसा सीटखालचा पत्रा कापला."

आईने सीटवरची नसलेली धूळ झटकली. "तू व्हायच्या आधी यांनी मला मैदानावर ही गाडी शिकवली होती. क्लच, गिअर, सगळं जमलं. पण थांबवली की पाय जमिनीला टेकेनात. गाडी आडवी, मी तिच्याखाली. हे म्हणाले, 'पाय पोचतील तेव्हा चालव.' तेव्हापासून मागे बसले. यांच्या खांद्यावरून रस्ता बघायचा, आणि प्रत्येक गिअर मनातल्या मनात आपण टाकायचा."

गाडी गल्लीत आणली. आई बसली. दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर टेकले. ती खाली, आपल्या पायांकडे, बराच वेळ पाहत राहिली.

"किक तेवढी तू मार," ती म्हणाली.

इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि जुना ठेका धरला. गाडी एकदा हिसका देऊन निघाली, डगमगली, मग सरळ झाली. मुलगा मागोमाग धावला. धरायला हात पुढे केला, तर तिथे काहीच नव्हते. दांडा खाली, चाकाला बिलगून चालला होता. गल्लीच्या टोकाशी वळण आले. आईने वेग कमी केला आणि मान न वळवता ती ओरडली,

"आहात ना सगळे?"

तो धापा टाकीत थांबला.

"मी उतरलो मघाशीच!"