चेअरमनची बातमी

टाक्यांत पाणी किती उरलंय ते दूरवरून कळावं म्हणून दुष्काळात दूध सोसायटीनं सिंधूकडून तांब्याच्या चौकोनांचा अँटेना करून घेतला. प्रत्येक चौकोनात लहरी सोडायच्या दोन वाटा होत्या, एक उभ्या लहरींची, एक आडव्या लहरींची. पण पहिलीतलं दुसरीत गळत होतं, आणि उद्या चाचणी नापास झाली की काम पुण्याच्या कंपनीला जाणार होतं.

"आमच्या चेअरमनचं व्हाइस चेअरमनला कायबी कळत न्हाई," शिपाई आश्रुबा चहा ठेवत म्हणाला.

"कावून?"

"ताई, मी त्यांना सांगतो, चेअरमन साहेब खूश हायत. त्याच टायमाला दुसरा शिपाई धोंडीराम सांगतो, लई तापलेत. दोन्ही बातम्या एकमेकीला खोडतात, मग व्हाइस चेअरमन दोन्ही सोडून देतात."

सिंधूनं चहा तसाच ठेवला. पहिल्या वाटेची लहर तिनं चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कडांनी सोडली, एकीकडून सरळ, दुसरीकडून उलटी. दुसऱ्या वाटेत पोचलेल्या सरळ आणि उलट्या लहरींनी एकमेकींना खोडलं, गळती थांबली.

चाचणी पास झाली. चेअरमन खूश आहेत की तापलेत, हे व्हाइस चेअरमनना अजून कळलेलं नाही.